फरशीवर पालथ्या पडलेल्या ताईंना

ताई,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, बाळूनंच केलं सगळं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

ज्यांना बाळू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाळू आमचा कुत्रा, वजन 42 किलो. गाडीनं उडवलं तेव्हा हाड मोडलं नाही, पण पुढच्या डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसा खांद्यापाशीच तुटल्या. पाय होता, पण नुसता लोंबकळायचा. फरफटून पंजा सोलवटून निघायचा आणि बाळूला त्याचा पत्ताही नसायचा. शेवटी तो पाय खांद्यापासून काढावा लागला.

त्याआधी ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी खुर्चीतून न उठताच सांगितलं होतं, "लहान कुत्रं असतं तर गोष्ट वेगळी. एवढं धूड तीन पायांवर उभं राहत नसतं. इंजेक्शनचं काय ते ठरवा." बाळूला हातसुद्धा लावला नाही. परत येताना ते धूड मागच्या सीटवर माझ्या मांडीत डोकं घालून झोपलं होतं.

ऑपरेशन दुसरीकडे केलं, ते चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी सोडताना हातात औषधांचा कागद ठेवला आणि "दोन दिवसांत पळेल बघा" म्हणाले. पळणारी कुत्री असतीलही. आमचा सहाव्या दिवशीसुद्धा दारातल्या पायपुसण्यावरून हलेना. उठायला जायचा, उरलेला पुढचा पाय बाहेरच्या बाजूला घसरायचा, हनुवटी आपटायची. मग त्यानं प्रयत्नच सोडला. शी-शूसाठी पोटाखाली चादरीची झोळी करून आम्ही दोघं त्याला बाहेर न्यायचो आणि तो तोंड फिरवून घ्यायचा. कुत्र्याला कसली आलीय लाज, असं म्हणणाऱ्यांनी बाळूला पाहिलेलं नाही. रात्री मला त्या खुर्चीतल्या डॉक्टरांचं वाक्य आठवायला लागलं होतं, तेच बरोबर तर नव्हते? हे मी घरात कुणालाच बोलले नव्हते, आज लिहितेय.

मग तुम्ही आलात. पिशवी दाराशी ठेवली आणि सरळ फरशीवर पालथ्या पडलात, त्याच्यापासून हातभर अंतरावर, गाल फरशीला टेकवून. सासूबाईंना वाटलं, तुम्हाला चक्कर आली. दहा मिनिटं तुम्ही आमच्याशी एक शब्द बोलला नाहीत. बाळू आधी नुसता बघत राहिला, मग सरकत सरकत त्यानं हनुवटी तुमच्या मनगटावर ठेवली. तेव्हा कुठे तुम्ही दुसरा हात फरशीवरून फिरवलात आणि म्हणालात, "याला उभं राहता येतंय हो. ही फरशी राहू देत नाहीये."

सहा दिवस आम्ही त्याच्याकडे वरून बघत होतो. तो जिथे होता तिथून घर कसं दिसतं, हे बघायला खाली पडावं लागतं, हे सुचलंच नव्हतं.

पिशवीतून तुम्ही बोथट टोकाची छोटी कात्री काढलीत आणि त्याचा तो एकुलता एक पुढचा पंजा हातात घेऊन तळव्याच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापायला लागलात. कापता कापता सांगितलंत, की कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. आमच्या बाळूचा त्यातला बराचसा भार आता एकाच पंजावर आला होता, आणि त्या पंजाखाली केसांचा मोजा! पायपुसण्यापासून अंगणाच्या दारापर्यंत योगा मॅट अंथरल्या. त्या संध्याकाळी बाळू झोळीशिवाय दारापर्यंत गेला. सात उड्या. मी मोजल्या.

पुढचं सगळं, पट्टा, व्यायाम, उंचावर ठेवलेलं भांडं, वजन वाढू नये म्हणून आमच्या आजोबांवर ठेवलेला पहारा, इथे सांगत बसत नाही. एकच सांगते. आम्ही मायेनं त्याला अगदी सावकाश चालवायचो. तीन पायांवर सावकाश चालणंच जास्त जड जातं, थोडा वेगच त्याला सोपा पडतो, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या मायेचाच त्याला त्रास होत होता.

तुमच्यासारखी माणसं इतरही कामांत भेटतात. लहान मुलाआधी त्याच्या बाहुलीला इंजेक्शन देणारी नर्स, खिडकीतून बाहेर येऊन म्हाताऱ्या बाईचा फॉर्म भरून देणारा कारकून. त्यांना कुणी तसं करायला सांगितलेलं नसतं आणि त्याचा पगारही मिळत नाही. मला आता अशी माणसं पटकन ओळखू येतात.

तुमची कात्री आमच्याकडेच राहिलीय. दोनदा विचारलंत, दोन्ही वेळा मी "शोधते" म्हणाले. खोटं बोलले. ती मॅटशेजारच्या कोनाड्यात आहे, आणि बाळू ती बघितली की आपणहून पंजा पुढे करतो. नवी घेऊन देते, ही मात्र मागू नका.

बाळूची आई