तीन किलो कविता, 36 रुपये : माननीय मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी नागपूरच्या इतवारी बाजारात मी तीन किलो कविता विकत घेतल्या. भाव 12 रुपये किलो. 36 रुपये झाले, 40 दिले, चार परत घेतले.

गेले होते किराणा ओळीत, वर्षाची मिरची आणायला. परत येताना एका रद्दीच्या ठेल्यावर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एक लाल शिंग बाहेर आलेले दिसले. ते शिंग मी हजारात ओळखेन. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे शिंग, माझ्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे. सुतळी सोडायला लावली, तर एकाखाली एक 31 प्रती निघाल्या. पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का, दाखल क्रमांक, आणि खाली माझेच अक्षर : 'पहिली-दुसरीच्या बाळांना, बाईंकडून.' मधल्या पिना गंजल्या होत्या. पाने एकमेकांना चिकटलेली होती. एकाही पानावर तेलकट बोट उमटलेले नव्हते. रद्दीवाला म्हणाला, "मॅडम, हे कायले घेता? चिकना कागद हाय, याच्यात चिवडाबी बांधता येत नाही."

त्याचा राग आला नाही. त्याने निदान कागदाला हात लावून पाहिला होता.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ज्या शाळेत मी 23 वर्षे पहिली आणि दुसरीचे वर्ग घेतले, त्याच शाळेला या पुस्तकाच्या 60 प्रती मी फुकट दिल्या होत्या. शाळेचे नाव लिहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापिका माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत आणि त्यांची बिचारीची चूकही फारशी नाही. फोन केला तर रडकुंडीला आल्या. "बाई, डेड स्टॉकला लावलेली पुस्तकं होती. पोट्टे फाडतात न! तपासणीत एक कमी निघालं की माझ्या पगारातून भरा. म्हणून कपाटात ठेवली होती. मग वाळवी लागली, निर्लेखन केलं." निर्लेखन! काय गोड शब्द आहे. लिहिलेले पुसून टाकणे, म्हणजे नोंदवहीतून काढून रद्दीत घालणे.

महोदय, आपल्यापैकी कोणी शाळेचे दप्तर उघडून पाहिले असेल तर त्यात जडवस्तू संग्रह नावाची नोंदवही असते. टेबल, खुर्ची, घंटा, तराजू, पाण्याची टाकी. सगळा डेड स्टॉक. त्या यादीत सहा वर्षांच्या लेकराचे चित्रांचे पुस्तक टाकले की संपले. शिक्षिकेने ते घंटेसारखे जपायचे. खडू मात्र उपभोग्य वस्तू. खडू झिजला म्हणून कोणी मुख्याध्यापिकेला जाब विचारत नाही. पहिलीतल्या पोराच्या हातात कवितेचे पुस्तक खडूसारखेच झिजते. ते झिजायलाच हवे. कोपरे चावले जातात, पानावर वरण सांडते, आवडता बैल फाडून खिशात घातला जातो. माझ्या नोकरीत मी वर्षाअखेर पुस्तकांची चाळण बघायची. ज्याच्या चिंध्या झाल्या ते चांगले पुस्तक, पुढच्या वर्षी त्याच्या चार प्रती जास्त आणायच्या. कोरे राहिले ते बाद. तपासणीला येणारे साहेब नेमके उलटे मोजायचे.

आता माझ्या पुस्तकाबद्दल लिहिते. स्वतःची टिमकी वाजते आहे हे मला कळते, पण वाजवल्याशिवाय तुम्हाला ऐकू कुठे जाते?

पाने 24, म्हणजे दीड फर्मा. कविता आठ. त्यातली एक पूर्ण देते :

लाकडी बैल, चाकांचे पाय,
चारा नाही, पाणी नाही, खातो तरी काय?
बशीतली बिस्किटं गेली कुठं, माय?

कविता बैलावर आळ घेते. चित्रात मात्र खिडकीच्या गजांमधून एक खार शेपटी वर करून पळते आहे, तोंडात बिस्किट. तिच्याबद्दल कवितेत एक अक्षर नाही. ज्याला अजून वाचता येत नाही तो पोरगा पुस्तक वाचणाऱ्या बाईला मध्येच थांबवतो आणि ओरडतो, "बाई, कविता खोटं बोलून राहिली! खारीनं खाल्ले न!" त्या दिवशी तो वर्गातला सर्वांत शहाणा. मग त्याला हवे असते, की 'खार' हा शब्द कुठे लिहिला आहे ते दाखवा. तो शब्द पुढच्या पानावर आहे, मोठ्या अक्षरात, एकटा. पान उलटायला हात आपोआप पुढे जातो. चित्रकाराने आणि मी या एका पानउलटणीवर दोन महिने भांडण केले. तो म्हणायचा खार डावीकडे, मी म्हणायची उजवीकडे, पान उलटते त्या बाजूला. शेवटी उजवीकडेच धावली.

हे सगळे सांगते आहे कारण खरेदीच्या कागदावर 'चित्रे' हा रकाना असतो आणि त्यापुढे 'आहेत' किंवा 'नाहीत' एवढेच भरायचे असते. म्हणून मग आमच्या शाळांत जी स्वस्तातली पुस्तके आली, त्यांत आले काय? पिवळ्या केसांची मुलगी, धुराड्याचे घर, बर्फ. बैलाच्या कवितेला गळ्यात घंटा बांधलेली विलायती ठिपक्यांची गाय. छपाईत रंग असे सरकलेले की गायीचे नाक तिच्या कानाशी. नागपूरच्या पोराला संत्र्याचे झाड दाखवायचे सोडून अननस घोकवायचा हा उद्योग माझ्या लहानपणापासून चालू आहे. 1967 साली बालभारती स्थापन झाली तेव्हा मी तिसरीत होते, तेव्हाही मी अननस पाहिला नव्हता.

पुस्तकासाठी मी माझ्या ग्रॅच्युइटीतले 1 लाख 18 हजार रुपये घातले. चित्रकाराला मानधन, कागद, चार रंगांची छपाई, पिना. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे असे सगळे कौतुकाने सांगतात. कागदावर मात्र तो भरावा लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे भरलेला परत मिळत नाही, हे छापखानेवाल्याने मला बिल देताना सांगितले. हजार प्रती छापल्या. यजमान म्हणाले, दिवाणात ठेवू. आमच्या लग्नातला दिवाण, गाद्या काढल्या, कविता घातल्या.

मग 2023 सालच्या एका कार्यक्रमात एका मोठ्या साहेबांनी व्यासपीठावरून पुस्तक उंच धरले. फोटो निघाला. "बाई, आमच्या शाळांसाठी 500 प्रती घेऊन टाकू." टाळ्या झाल्या. साहेबांचे नाव लिहीत नाही, त्यांची बदली झाली, आणि दिलेला शब्द बदलीच्या सामानात बहुधा राहून गेला.

साहेबांच्या कचेरीत मी किती वेळा गेले हे माझ्या गुडघ्यांना विचारा. तिसरा मजला, लिफ्ट बंद. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा रांगेत. पहिल्यांदा सांगितले अर्ज द्या. दुसऱ्यांदा अर्ज सापडला नाही. तिसऱ्यांदा सापडला, तर म्हणाले, तीन दरपत्रके लागतील. मी म्हटले, अहो, हे पुस्तक माझे, मीच छापले, मीच विकते, दुसऱ्या दोन ठिकाणांहून दरपत्रक आणू कुठून? टेबलावरचा तो मुलगा वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तुलनात्मक तक्ता करावा लागते. दोन ओळखीच्यांकडून जास्त दराचं लिहून आणा ना." म्हणजे 35 वर्षे पोरांना 'खोटे बोलू नये' शिकवलेल्या बाईने बालकवितेच्या खरेदीसाठी दोन खोटे कागद आणायचे. मी नाही आणले. त्यानंतर फाईल बोलली नाही.

500 प्रतींचे ते पैसे आले असते तर मी दुसरे पुस्तक काढणार होते. मारबतीवरचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवरचे. पिवळी मारबत, काळी मारबत, बडग्यामागे नाचणारे पोट्टे. चित्रे अर्धी तयार आहेत. चित्रकार आता लग्नपत्रिका करतो, गणपतीत फ्लेक्स करतो. त्याला मुलगी झाली, तेव्हा त्याने तिच्यासाठी माझ्याकडून एक प्रत विकत घेतली. मी पैसे नको म्हटले, त्याने ऐकले नाही. ही गोष्ट तुमच्या कामाची नाही, तरी लिहिली.

आता हिशेब. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला जास्तीत जास्त 5,000 रुपये. आमच्या शाळेचा पट 130 धरा. माणशी 38 रुपये, म्हणजे तर्री-पोह्याची एक प्लेट, वर्षातून एकदा. तेवढेही वेळेवर आले तर. आणि मार्चअखेर आले की मग काय होते ते आपणास ठाऊक आहे : जे मिळेल ते, गठ्ठ्याने, 31 तारखेच्या आत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत असे लिहिले आहे. कविता हा शब्द त्यात नाही. विसरले असतील, किंवा कोणाला वाटले असेल की कविता म्हणजे गोष्टीवरची कोथिंबीर.

पैसे नाहीत असे मात्र मला सांगू नका. 2023-24 च्या पाठ्यपुस्तकांत तुम्ही नोंदींसाठी कोरी पाने घातली, आणि 2025 साली शासन निर्णय काढून तीच कोरी पाने काढून टाकली. कोऱ्या कागदाला राज्यभर पैसा होता! छापलेल्या कवितेला तीन दरपत्रके. आमच्या वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल झाला, त्याचा जागतिक विक्रम झाला, आम्हाला अभिमान आहे. त्याच्या एका खांबाच्या रंगात विदर्भातल्या किती शाळांची पुस्तके बसली असती, हे गणित मी दुसरीच्या पोरांना घालावे म्हणते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, मीही खाल्ला. त्याच वर्षी पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेत इंग्रजी शब्द आले म्हणून महाराष्ट्रभर रण पेटले. वाहिन्यांवर प्राध्यापक, पुढारी, कवी, सगळे बोलले. पुढच्या वर्षी पहिलीपासून तिसरी भाषा हवी, मग नको, एप्रिलमध्ये निर्णय, जूनमध्ये बदल, जूनच्याच शेवटी निर्णय मागे. भांडा, जरूर भांडा. पण त्या सगळ्या धुराळ्यात एकाने तरी विचारले का, की पहिलीच्या पोराच्या हातात पाठ्यपुस्तकाशिवाय मराठीतले दुसरे कोणते पुस्तक आहे? ज्या वयात भाषा कानातून आणि डोळ्यातून आत शिरते, त्या वयात आपण तिला कुलूप लावून ठेवतो. मग नातवंडे इंग्रजी शाळेत गेली की डोळे पुसतो. निपुण भारतचे फलक शाळांच्या भिंतींवर लागले आहेत, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत वाचता यावे म्हणून. भिंतीवरच्या फलकाने पोरांना वाचता येणार आहे का?

आणि पट 20 च्या खाली गेला की शाळाच गोळा करून दुसरीकडे न्यायची भाषा. मग त्या शाळेची घंटा, तराजू आणि कविता, सगळ्यांचे एकदमच निर्लेखन.

1953 च्या नागपूर कराराची आठवण आम्हाला डिसेंबरात येते, कारण तेव्हा रस्ते झाडले जातात. आपण सगळे हिवाळी अधिवेशनाला येता, संत्री खाता, अनुशेषावर बोलता, परत जाता. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर अडवतात, तिथे मी दोनदा अंगणवाडीच्या बायांबरोबर बसले आहे. एकदा थंडी वाजून ताप आला. निवेदन कोणीतरी घेतले. ते निवेदन बहुधा कुठल्या तरी जडसंग्रहात सुखरूप असेल.

माझे मागणे एवढेच, की पहिली-दुसरीची चित्रमय कवितांची पुस्तके डेड स्टॉकमधून काढा आणि खडूच्या रकान्यात घाला. एका ओळीचे परिपत्रक पुरे. फाटले तर पगारातून वसुली नाही, हे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर कपाटे उघडणार नाहीत. ज्या पुस्तकाचा विकणारा एकच आहे त्याला तीन दरपत्रके मागू नका. आणि निवड समितीत लहान मुलांना शिकवलेली एक तरी बाई बसवा, जी पुस्तक हातात घेऊन आधी चित्र बघेल, मग किंमत.

त्या 31 प्रती मी घरी आणून उन्हात वाळवल्या. संध्याकाळी गल्लीतली पोट्टी ओट्यावर जमली. एका पोरीने बैलाचे पान टरकन फाडले आणि माझ्याकडे घाबरून पाहिले. मी तिला डिंकाची बाटली दिली. बैल आता आमच्या जिन्याच्या भिंतीवर आहे, थोडा तिरका.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर

ता. क. : रद्दीवाल्याकडे अशाच शिक्क्याचा आणखी एक गठ्ठा आहे. येत्या रविवारपर्यंत ठेवतो म्हणाला. आपल्या खात्याला हवा असल्यास भाव 12 रुपये किलो. दरपत्रक मात्र एकच मिळेल.