बाबा, तो फोटो पिझ्झ्याचा आहे

ती. बाबा आणि आई, सा. नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर चालू आहे, जाकीटही आहे. आधी त्या फोटोचं सांगतो, पार्टीच्या पोस्टरपुढं मी उभा दिसतो तो, काकाजीनं तो गावभर दाखवला असेल. मी कोणत्याच पार्टीत शिरलो नाही, कॉलेजच्या हॉलमध्ये फुकटचा पिझ्झा होता म्हणून गेलो, मागचं पोस्टर कोणाचं ते पाहिलं बी नाही.

आता तिथं काय चाललं होतं ते ऐका. आपल्याकडे इलेक्शन आलं की उमेदवार पैसे वाटतो, इथं अमेरिकेत उमेदवारच पैसे मागतो! आणि लाजत बी नाही, रूममेटच्या फोनवर रात्री मेसेज, आज पैसे नाही आले तर सगळं संपलंच म्हणून. डेमोक्रॅटिक पार्टीवाल्यांचं ॲक्टब्लू म्हणून ऑनलाइन साधन आहे, 2004 ला इथंच मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेलं, रिपब्लिकनवाल्यांनी मग 2019 ला विनरेड काढलं. आधी या पोट्ट्यांना ते फक्त पैसे मागायची लिंक वाटे, आता जो तो स्वतःचं पेज काढून राहिला, म्हणजे गणपतीचं पावतीबुक अध्यक्षाकडून निघून पोट्ट्या-पोट्ट्याच्या हातात आल्यासारखं. आवडीचे उमेदवार निवडायचे, लिंक फिरवायची, पैसे त्या उमेदवाराला जातात, मधात ॲक्टब्लूवाले शेकडा 3.95 कापतात. कार्ड एकदा सेव्ह केलं की पुढच्या वेळी नुसतं बोट लावायचं. आणि खासदारकीच्या उमेदवाराला ॲक्टब्लूवरून पाच डॉलर दिले तरी देणाऱ्याचं नाव सरकारी साइटवर दिसते, आपल्याकडे इलेक्टोरल बाँडची नावं बाहेर यायला 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं!

कॅफेत काम करणारी एक पोरगी दर महिन्याला पाच डॉलर देते, ते बी दुसऱ्याच राज्यातल्या उमेदवाराला, जिथं तिचं मत बी नाही. मले कौतुक वाटते आणि जीवावर बी येते, पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर रुपये, आपल्या निंदणाच्या बाईला दिवसभर वाकून तेवढे मिळत नाही.

मी एक डॉलर दिला नाही, देताच येत नाही. परदेशी माणसाला कायद्यानंच बंदी आहे, नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाला पाहिजे, पैसे देताना तसं टिक करावं लागते. तेव्हा व्हिसाचं टेन्शन सोडा, आणि काकाजीलेही सांगा.

कापूस घाईत खेडा खरेदीवाल्याले देऊ नका, सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचं, केंद्र उघडू द्या. तोवर बँकेच्या हप्त्याचं मी पाहतो, या महिन्यात थोडे जास्तच पाठवले. ताईची तारीख माझ्या परीक्षेसाठी पुढे ढकलू नका, डिसेंबरची निघाली तर डिसेंबरची धरा, मी व्हिडिओ कॉलवर राहीन, मंडप आणि जेवणाचं माझ्याकडे. आर्वीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, फक्त आत्ता माझा फोटो पाठवू नका. आई म्हणेल, पैसे पाठवतो अन् येत नाही. तिला म्हणा, तिकीट पाहून राहिलो आहे.

तुमचा,
बंटी