आधी क्लचचा आवाज ऐका, मग इंजिन उतरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाड्यांची माहिती येते. मायलेज, टचस्क्रीन, एअरबॅग, सगळे सविस्तर असते. पण ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे आणि ती विकायची नाही की मोडीत काढायची नाही, त्यांच्यासाठी दुरुस्तीबद्दल एक ओळ येत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्लचचा.

माझे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे दुकान आहे. गाडी माझ्या मामांची, १९६७ ची एमजीबी. दोन सीटची, कापडी टपाची. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनत होती. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यावर दोन एसयू कार्बोरेटर. आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी सिरीजचे. मामा पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, पण पन्हाळ्याला जायचे तर अजून याच गाडीने.

गेल्या उन्हाळ्यात कावळा नाक्याच्या सिग्नलला क्लच दाबला की खरखर ऐकू येऊ लागली. शहरातल्या एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथे कुणी गाडी चालवून पाहिली नाही. बॉनेट उघडून एकदा रेस दिली आणि निकाल सांगितला: गिअरबॉक्स गेला, याचे पार्ट मिळत नाहीत, दुसऱ्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स बसवून घ्या. मामा काही न बोलता घरी आले आणि गाडीवर कापड टाकून दिले. मला याचाच राग आहे. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. क्लचपर्यंत पोहोचायचे तर इंजिन वर उचलावेच लागते. एवढे मोठे काम सांगण्याआधी दहा मिनिटे आवाज ऐकायला काय हरकत होती? आणि पार्ट मिळत नाहीत हे तर साफ खोटे. इंग्लंडात या गाडीचे सुटे भाग आजही नवे बनतात.

शेवटी मी एका जुन्या मिस्त्रींना घरी घेऊन आलो. सारी हयात अ‍ॅम्बेसेडर टॅक्स्यांवर गेलेली. ते म्हणाले, "पाना ऱ्हाऊ द्या. आधी गाडी चालू करा की."

इंजिन गरम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मामांना पाय पॅडलवरून पूर्ण काढायला सांगितला. आवाज नाही. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग खराब असते तर याच वेळी घरघर आली असती आणि क्लच दाबल्यावर ती थांबली असती, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. इथे तर नेमके उलटे होते. म्हणजे गिअरबॉक्सवरचा आरोप तिथेच निकालात निघाला. मग पॅडलला पाय नुसता टेकवायला सांगितले. लगेच खरखर सुरू. हा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पॅडल दाबल्यावर क्लचला रेटून सोडवणाऱ्या भागाचा आवाज. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्लचवरच्या कवचाला, म्हणजे बेल हाउसिंगला लावले, मूठ कानाला लावली, आणि पॅडल तळापर्यंत दाबून धरायला सांगितले. मग मलाही ऐकवले. खरखरीच्या मागे एक बारीक, ताणलेली चीं ऐकू येत होती. पूर्ण क्लच दाबल्यावर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो. क्रँकच्या टोकातल्या ज्या छोट्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, त्या शाफ्टचे नाक बसते, तो बुश कोरडा पडला की असा ओरडतो. एका क्लचमधून दोन आवाज येत होते, दोन्हींची कारणे वेगळी होती आणि अजून एक नटही सैल केला नव्हता. इंजिन बंद करून पुन्हा पॅडल दाबून पाहिले, कारण पॅडलच्या पिना झिजल्या तरी कुरकुर येते. तिथे काही नव्हते. ऑइलच्या दाबाने क्लच हलवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे रबर उचलून पाहिले, ऑइलची गळती नव्हती.

मग चेनकप्पी लावून इंजिन उचलले. एमजीबीचे रिलीज बेअरिंग गोळ्यांचे नसते. लोखंडी वाटीत बसवलेले कार्बनचे कडे असते, ते थेट क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या चकतीवर घासते. आमच्या गाडीत ते एका बाजूला ठीक होते आणि दुसऱ्या बाजूला वाटीच्या काठापर्यंत झिजले होते, म्हणून वाटीचे लोखंड चकतीला लागून खरखरत होते. नवे कडे घालून इंजिन परत बसवले असते तर तेही तसेच तिरपे झिजले असते. तिरपे का झिजले? मिस्त्रींनी बेअरिंग ढकलणारा क्लचचा फोर्क हातात धरून हलवला, तो ढिला होता. ज्या बोल्टवर फोर्क झुलतो त्याचा बुश लांबट झाला होता, त्यामुळे कडे सरळ टेकतच नव्हते. दुखण्याचे मूळ तिथे होते. तो बुश मी फॉस्फर ब्रॉन्झमधून काढून दिला, बोल्ट नवा घातला.

क्रँकमधला बुश काढायची त्यांची रीत तरुण फिटरांनी पाहायला हवी होती. मागे भोक बंद, पुलर लावायला जागा नाही. त्यांनी भोकात ग्रीस ठासून भरले, बुशमध्ये घट्ट जाईल असा दांडा माझ्याकडून टर्न करून घेतला आणि हातोड्याने हलके ठोके दिले. दांडा आत जाईल तसे ग्रीस मागून बुशला बाहेर रेटत होते. पुन्हा ग्रीस, पुन्हा ठोके, आणि बुश अखंड हातात आला. नवा बुश मात्र मी लेथवर केला नाही. तो छिद्राळ ब्रॉन्झचा लागतो, तेल पोटात धरून ठेवणारा. तिथे बाहेरून वंगण पोहोचायला वाट नाही आणि आपला नेहमीचा गनमेटल तेल धरत नाही. तयार बुश आणवला आणि रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवला. क्लच प्लेट मध्यावर बसवायला एक पायऱ्यांचा दांडा टर्न केला. प्रेशर प्लेटच्या चकतीवर चरे पडले होते, म्हणून तीही बदलली. गिअरबॉक्सला हात लावला नाही. गाडी आज न कुरकुरता चालते.

आता माझे म्हणणे. गॅरेजवाल्यांनी, विशेषतः नव्या पोरांनी, क्लचच्या तक्रारीवर थेट पूर्ण किट सांगू नये. पाय वर असताना, टेकवताना आणि पूर्ण दाबल्यावर आवाज कसा बदलतो हे मालकाला शेजारी बसवून आधी ऐकावे. बहुतेक साध्या गिअरच्या गाड्यांना ही परीक्षा लागू पडते. मालकांनीही सिग्नलला पाय क्लचवर ठेवून थांबू नये, न्यूट्रल करावे. जोतिबाच्या चढाला गर्दीत गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणारे मी दर यात्रेला पाहतो. तिथे हँडब्रेक ओढावा. कार्बनच्या बेअरिंगला तर ही सवय फारच लवकर संपवते.

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आता थकत चालले आहेत आणि त्यांच्या कानात आहे ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांना वर्षातले काही दिवस तरी या लोकांच्या हाताखाली काम करायला मिळावे, आणि आपण पुरवणीत महिन्यातून एक रकाना त्यांच्यासाठी राखावा. लिहायला त्यांना जमले नाही तर ते सांगतील तसे मी लिहून देईन.

क्लच प्लेट मध्यावर बसवायचा तो दांडा माझ्या दुकानात आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात कुणाकडे एमजीबी असेल तर त्यांनी न्यावा आणि काम झाल्यावर परत आणून द्यावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक लेथ कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर