तापकीर गल्लीतल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल. श्रावणात भर पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीतून ४० जीबीची जुनी हार्ड डिस्क घेऊन आलेली, आणि टेकायच्या आत ‘ही गेलीय, मला माहितीय, तरी बघा’ म्हणालेली बाई ती मी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, ‘गेलीय की नाही ते मी सांगतो. तुम्ही आधी बसा.’

तुमच्या आधी दोघांनी ते धड न बघताच सांगितलं होतं. पहिलं दुकान काचेचं, एसीवालं. तिथं अकरा दिवस डिस्क ठेवून घेतली, ५०० रुपये ‘चेकिंग चार्ज’ लावला आणि ‘हेड उडालंय मॅडम, नवीन घ्या’ म्हणत वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली. वडापाव देतात तशी. दुसऱ्याने फोनवरच ३५ हजार सांगितले, निम्मे आगाऊ, खात्री नाही. आणि आमचा भाचा, ज्याने माळ्यावरचा २००४ चा कॉम्प्युटर उत्साहानं प्लगला लावून ‘फट्’ आवाज आणि जळका वास काढला, तो म्हणतो, ‘मावशी, क्लाउडवर ठेवायचं ना!’ त्या कॉम्प्युटरवर आई टाईप करायची तेव्हा आमच्याकडे ढग फक्त पावसाळ्यात असायचे.

तुम्ही डिस्क उलटी केलीत, स्क्रूंची झिजलेली तोंडं बघून ‘च्’ केलंत. ‘उघडून बघितलंय कुणीतरी. बंद करताना लाज वाटली असेल.’ माझे ५०० रुपये तिथंच वसूल झाले.

मग भिंग, सोल्डरिंग गन आणि तांदळाएवढा एक काळा तुकडा. वीज जास्त आली की तो स्वतः जळतो आणि बाकीच्याला वाचवतो, एवढंच तुम्ही सांगितलंत. तो काढला आणि डिस्क फिरायला लागली. तो घरघर आवाज ऐकून मी रडले नाही, पण ‘अगं बाई’ म्हणाले, ते शेजारच्या दुकानापर्यंत गेलं असणार.

फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, असला सगळा कचरा. मी म्हटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, ‘संपलं काय? ही श्रीलिपी आहे, मराठी टायपिंगची. त्या काळी सगळं हेच होतं. फॉन्ट घातला की बोलेल.’ तुमच्याकडे जुन्या सीडींचा डबा होता, बिस्किटांचा. तिसऱ्या सीडीत फॉन्ट निघाला आणि पडद्यावर आईचं मराठी आलं.

आजीच्या ओव्या होत्या त्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्याचं आईनं वाचलं होतं. ‘मग आपल्या घरातल्या कोण लिहिणार?’ म्हणत शाळेतून निवृत्त झाल्यावर ती एका बोटानं टाईप करायला शिकली. प्रत्येक ओवीखाली कंसात तिची टीप असायची. पहिल्याच पानावर होतं, ‘ही थोरल्या आत्याबाईंकडून. त्या म्हणतात शेवट असा नाही. पण त्यांना शेवट आठवत नाही.’

हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते यानंतरचं. तुम्ही माझ्याबरोबर एकच ओळ वाचलीत आणि थांबलात. पडदा माझ्याकडे वळवलात, स्टूल पुढे सरकवलंत, ‘तुमच्या घरचं आहे. तुम्ही वाचा, मी चहा सांगून येतो’ म्हणालात आणि बाहेर गेलात. चहा पोऱ्याने पाच मिनिटांत आणून दिला. तुम्ही आला नाहीत. मध्येच कुणी गिऱ्हाईक आलं, ‘काका, प्रिंटरचं झालं का?’ आणि पायरीवरून तुमचा हळू आवाज ऐकू आला, ‘आत वाचतायत. जरा थांबा.’

काका, ते गिऱ्हाईक वीस मिनिटं छत्री धरून थांबलं. आणि पावसात तुम्हीही.

हल्ली दुरुस्तीला फोन दिला की आधी पासवर्ड मागतात, आणि आपण गपगुमान देतो. डॉक्टरसमोर बसलो तर त्यांची नजर स्क्रीनवर. कुणाच्या घरातलं आपल्या हाती आलं तर आपण दाराबाहेर उभं राहायचं असतं, ही रीत गेलीच असं मी धरून चालले होते. तुम्ही मात्र ते कुणी बघतंय म्हणून केलं नाहीत. मला तर पाठमोरी बसवून गेला होतात.

पैसे ८०० घेतलेत. मी जास्त द्यायला लागले तर वैतागलात. ‘त्यापेक्षा दोन कॉप्या करा. एक घराबाहेर ठेवा. डिस्क परत माळ्यावर टाकलीत तर पुढच्या वेळी मी दुकान उघडणार नाही.’ एक कॉपी माझ्याकडे आहे, एक धाकट्या भावाकडे सोलापुरात. भाच्याला दिलेली नाही.

आता रोज रात्री ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे वेगळा फॉन्ट न घालता कुठेही वाचता येईल अशा मराठीत, आणतेय. बदल करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, ऱ्हस्व वेलांट्या घर चुकतात. १४२ ओव्या आहेत, ५८ झाल्या. आत्याबाईंच्या ओवीचा शेवट मी तसाच मोकळा ठेवलाय, आईनं ठेवला होता तसा.

पुरं झालं की छापून एक प्रत आणून देते. त्या दिवशीच्या चहाचे पैसे तुम्हीच दिले होते, हे मला रिक्षात बसल्यावर आठवलं.