बारक्याच्या जन्मतारखेला हात लावू नका

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा दादाचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होतो, धड बोलता आलं नाही. पेठेतल्या कुणा जाणकाराने त्याच्या डोक्यात भरवलंय म्हणे, की त्याच्या पोराचा, बारक्याचा, जन्मदाखला नवा काढायचा आणि त्याला दोन वर्षांनी लहान दाखवायचं. तेरा वर्षांखालच्या फुटबॉल संघात मग आणखी दोन मोसम निघतात, पोरगं इतरांपुढे तगडं दिसतं, निवड पक्की. कागद करून देणारा माणूसही तयार आहे. दादा म्हणाला, "बाबा काय म्हणतात बघतो." म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय. फोनवर तुम्ही "बरं, जेवलास का" म्हणून आईकडे फोन देता.

बाबा, हे होऊ देऊ नका. दादा माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.

खोटं बोलणं वाईट वगैरे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर सुताचा फरक पकडलेला माणूस तुम्ही. मी फक्त खेळापुरतं बोलतो, कारण आता पोरांना फुटबॉल शिकवणं हेच माझं काम आहे. मागे तुम्ही विचारलं होतं, "नुसती शिट्टी वाजवून घर चालतंय व्हय?" त्याचंही उत्तर यातच येईल.

बारका डिसेंबरचा. आपल्याकडे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे त्याच्याच गटात जानेवारीत जन्मलेलं पोरगं त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठं. बारा-तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढा फरक! त्यात कुणाची उंची बाराव्या वर्षी सुटते, कुणाची पंधराव्या. निवडीच्या दिवशी टच लाइनवर उभे असलेले लोक काय बघतात? लांब लाथ कोण मारतंय, कोण धक्का देऊन बॉल काढतंय. जानेवारी-फेब्रुवारीची मुलं भराभर निवडली जातात आणि नोव्हेंबर-डिसेंबरची घरी जातात. हे फक्त आपल्याकडे नाही, युरोपातल्या मोठमोठ्या अकादम्यांतही हेच दिसलंय. बेल्जियमवाल्यांनी तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच ठेवला, म्हणजे आज लहान दिसणारं चांगलं पोरगं हातचं जाऊ नये. तेव्हा बारका मागे पडतोय असं दादाला वाटतं, ते खोटं नाही. पण त्यावर त्याने शोधलेला उपाय पोराला संपवणारा आहे.

माझ्याकडे तेरा वर्षांखालच्या बॅचमध्ये असाच एक डिसेंबरवाला आहे. अंगाने नुसती काडी. पाच जण बाहेरून पास देतात आणि मधले दोघे बॉल हिसकावतात, तो खेळ आम्ही रोज सुरुवातीला घेतो. मी बॉलकडे बघतच नाही, पोरांच्या माना बघतो. हा पोरगा बॉल त्याच्याकडे निघण्याआधी एकदा डावीकडे बघतो, एकदा खांद्यावरून मागे बघतो, आणि बॉल पायाशी येतो तेव्हा त्याचं अंग आधीच मोकळ्या बाजूला वळलेलं असतं. हे त्याला का येतं? कारण अंगावर अंग घातलं तर तो पडतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. शेजारचं दांडगं पोरगं मान वळवतच नाही. त्याला गरज काय? धक्का दिला की बॉल त्याचा.

आता दोन वर्षं चोरलेलं पोरगं कसं घडतं ते बघा. माझ्या पहिल्या क्लबात असा एक जण होता. नाव लिहीत नाही, आज तो संसारी माणूस आहे. वयोगटाच्या स्पर्धांत त्याच्यासमोर कुणी टिकायचं नाही. पेपरात फोटो, गल्लीत बोर्ड. सीनिअर संघात आलो तेव्हा सगळेच तेवढ्या उंचीचे, तेवढ्या ताकदीचे. आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं नव्हतं, डावा पाय नव्हता, मागे कोण आलंय ते कळत नव्हतं. जे बाराव्या-तेराव्या वर्षी शिकायचं असतं, ते शिकायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. तीन मोसमांत तो बाहेर गेला. कागदावर एकवीस, अंगाने तेवीस. एकदा जेवताना म्हणाला होता, "मला माझा खरा वाढदिवस घरातच साजरा करायला लागतो." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पकडलं जाण्याचं तर वेगळंच. स्पर्धांमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडं किती पिकलीत त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. फिफाने तर 2009 पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाला मनगटाचं एमआरआय सुरू केलं. ही तपासणी शंभर टक्के बिनचूक नसते, लवकर वाढलेल्या खऱ्या वयाच्या पोराचंही हाड कधीकधी मोठं दिसतं आणि बिचाऱ्याची उगाच चौकशी होते. पण बारक्यासारख्याला त्याची भीती कशाला? त्याचं हाड त्याच्या वयाहून लहानच निघेल. खरा कागद असताना तो कुठल्याही मशीनखाली बिनधास्त हात ठेवू शकतो. उलट एकदा फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत खोटी तारीख चढली, की शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट सगळं तिच्यामागे ओढत न्यावं लागतं. उद्या सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून अर्ज केला आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळी तारीख निघाली तर? ज्या पर्मनंट नोकरीसाठी तुमचा जीव तुटतो, तिच्याच दारात हे आडवं येईल.

नोकरीवरून आठवलं. तुम्ही मला रेल्वेसाठी प्रयत्न कर म्हणत होता आणि मी क्लबाचा करार धरला. महिंद्रासारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ 2010 मध्ये बंद झाला तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण माझ्या ताटाशेजारी ठेवलं होतं, बोलला काहीच नाहीत. मुंबई एफसी 2017 ला गेला, एफसी पुणे सिटी 2019 ला. मी ज्या क्लबांकडून खेळलो त्यांतला एकही आज त्या नावाने उभा नाही, आणि एकाने शेवटच्या महिन्यांचे पैसे बुडवले ते बुडवलेच. तुमची काळजी रास्त होती. तरी मला त्या वर्षांचं वाईट वाटत नाही. बालेवाडीला दिव्यांच्या उजेडात खेळलो, गोव्यात खेळलो, कोलकात्यात भर गर्दीत शिव्या खाल्ल्या. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांची मॅच बघत वाढलेल्या माणसाला गर्दीचं काय!

गुडघा गेला तेव्हा मात्र पुढे काय, ते कळत नव्हतं. मी प्रशिक्षकांच्या डी लायसन्सला बसलो ते वेळ घालवायला म्हणून. तिथे एका वयस्कर शिक्षकांनी मला पोरांसमोर उभं केलं आणि दहा मिनिटांनी थांबवलं. म्हणाले, "तुम्ही मघापासून बोलताय, बॉल एकदाही हलला नाही." इतकी वर्षं व्यावसायिक खेळलेला मी, आणि बारा वर्षांच्या पोरांना एक पास शिकवता येईना. तेव्हापासून हे काम मला धरून बसलं. नंतर सी लायसन्स केलं, आता बीची तयारी चालली आहे.

आणि शिट्टी वाजवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग, बाबा. मागच्या महिन्यात एक पोरगा उजव्या पायावर लंगडत होता. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ, हात लावला की कळवळायचा. त्याचे वडील म्हणाले, "नाटकं करतोय, पळवा." आई रोज बाम चोळत होती. उंची भराभर वाढताना मांडीच्या स्नायूचा ताण त्या कोवळ्या हाडावर येतो, डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, उड्या आणि शूटिंग बंद केलं, दुखणार नाही तेवढंच खेळायला दिलं. वडील रागावले, कारण पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती. स्पर्धा आम्ही हरलो. पोरगा आता हळूहळू पळायला लागलाय.

आपला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळल्यापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक घराला वाटतं, आपला पुढचा नंबर. वाटू दे, त्यात वाईट काय? पण बारक्याला घाई नाही. त्याची उंची अजून सुटायची आहे. दादा सहा फुटी, तुम्ही सहा फुटी, पोरगं कुठे जाणार?

तर असं करा. मूळ जन्मदाखला तुमच्या कपाटात ठेवा, दादाच्या हातात देऊ नका. त्या जाणकारांना तुम्हीच सांगा, की घरात विचारलं आणि नको ठरलं. माझं नाव घेतलंत तरी चालेल, तसाही पेठेत मी शिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. आणि तालमीच्या मोठ्या पोरांत त्याला अकरावा म्हणून उतरवू नका, पुढच्या मोसमापर्यंत तरी. संध्याकाळी गल्लीत लहान बॉलवर कितीही खेळू दे.

परीक्षा संपली की त्याला पंधरा दिवस माझ्याकडे पाठवा. नवे बूट घेऊ नका, मी इथे पाय मोजून घेईन. आई, तू "पुढच्या वर्षीही येतील" म्हणून एक नंबर मोठे घेतेस, त्यात पोराचा पाय आत सरकतो आणि नखं काळी पडतात. त्याच्याबरोबर भडंग मात्र पाठव, इथल्याला चव नाही. आणि तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते कळव. दादा म्हणाला तू टाळतेयस.

तुमचा,
धाकटा