स्लाइड स्कॅनर घेण्याआधी जुन्या मायक्रोस्कोपखाली एलईडी पॅनल लावून पाहा

मा. संपादक,
स. न.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराची स्लाइड 4 एक्सने (चौपट मोठे दाखवणाऱ्या लेन्सने) पाहिली तर एका नजरेत साडेचार मिमीचे वर्तुळ दिसते, पण पेशीचा आकार नीट कळत नाही. 40 एक्सवर आकार कळतो, मात्र वर्तुळ उरते 0.45 मिमीचे. विळ्यासारख्या पेशी विरळ असल्या की विद्यार्थी स्टेजची चाके फिरवून थकतो. स्कॅनर हे काम आपोआप करतो. त्याची किंमत नागपुरातल्या साध्या विज्ञान महाविद्यालयाला झेपणे अवघड.

यावर फूरिए टायकोग्राफी हा उपाय आहे. अमेरिकेतील कॅल्टेक या विद्यापीठातील चांगहुई यांग यांच्या गटाने 2013 मध्ये ती मांडली. कंडेन्सर, म्हणजे स्लाइडवर उजेड एकवटणारा भाग, काढायचा आणि स्लाइडखाली 80 मिमीवर 4 मिमी अंतराच्या दिव्यांचे एलईडी पॅनल ठेवायचे. मधले 15 बाय 15 दिवे एकेक करून पेटवत 225 फोटो घ्यायचे. तिरक्या उजेडाने एरवी लेन्सच्या बाहेर जाणारा बारीक तपशील आत येतो आणि सॉफ्टवेअर ते सारे तुकडे जोडते. 0.10 एनएची (एनए म्हणजे लेन्स किती तिरका उजेड पकडते त्याचे माप; जास्त एनए म्हणजे जास्त बारीक तपशील) 4 एक्स लेन्स त्यामुळे 0.43 एनएला पोचते, म्हणजे साधारण 20 एक्सचा तपशील आणि क्षेत्र त्याच्या 25 पट. शेजारच्या दोन दिव्यांच्या फोटोंतले तपशिलाचे तुकडे सुमारे 68 टक्के एकमेकांवर पडतात. ते पुरेसे आहे. ही सरमिसळ फार कमी झाली तर चित्र जुळतच नाही.

बिघडते ते जुळवणीत. मधला दिवा लेन्सच्या अक्षापासून 1 मिमी सरकला तरी उजेडाच्या कोनात दोन दिव्यांमधल्या पाव टप्प्याची चूक होते. स्लाइडच्या कडेला कोन आणखी बदलतो, म्हणून चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाचे गणित वेगळे करावे लागते. बाजारातले डिस्प्ले पॅनल दिवे ओळीओळीने लुकलुकवते. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर फार कमी ठेवले की उजेड कमीजास्त येतो. कडेच्या दिव्यांना तर मधल्यापेक्षा कितीतरी जास्त एक्स्पोजर लागते. मे महिन्यात त्याच टेबलाला टेकून कूलर चालवला तर थरथरीने 225 फोटो वाया गेलेच समजा!

कॅमेऱ्यात काटकसर नको. पिक्सेल 5 मायक्रॉनच्या आत हवा, सेन्सर मात्र मोठा. अर्ध्या इंचाच्या सेन्सरवर 1.6 बाय 1.2 मिमीच मावते, मग एवढा खटाटोप कशाला? रंगवलेल्या स्लाइडला लाल, हिरवा, निळा असे तीन संच, म्हणजे 675 फोटो.

मर्यादाही आहेत. मलेरियाच्या तपासणीतला रक्ताचा जाड थेंब चालत नाही, कारण गणित पातळ नमुना गृहीत धरते. टीबीच्या फ्लोरोसन्स (चमकणाऱ्या रंगाच्या) स्लाइडलाही उपयोग नाही. सिकलसेलचे निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचण्यांवरच व्हावे. हे पॅनल शिकवण्यासाठी आणि स्लाइडचा संग्रह टिकवण्यासाठी. जीवशास्त्र विभागाने स्लाइड द्याव्यात, भौतिकशास्त्राने जुळवणी करावी आणि स्कॅनरची निविदा त्यानंतर काढावी.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर