किल्ली काढली तरी चालू राहणारी गाडी : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

माझ्याकडे १९६८ सालची महिंद्राची पेट्रोल जीप आहे. लांब चॅसिसची, मागे लाकडी हौदा. आमच्या वाडीत तिला सगळे पिकअपच म्हणतात. तिच्यात १९८६ पासून डिझेल इंजिन आहे. हे चोरून केलेलं काम नाही. आरसी बुकाच्या पाचव्या पानावर ‘पेट्रोल’ या शब्दावर लाल शाईची रेघ आहे, शेजारी ‘डिझेल’ लिहिलंय, खाली नवा इंजिन नंबर, सही, शिक्का, तारीख. तुमच्या संगणकात मात्र ती आजही पेट्रोलवर पळते. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो, म्हणून हे पत्र.

आबांनी इंजिन का बदललं, ते आधी सांगते. जुनं इंजिन मूळ जीपवाल्या अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या घराण्यातलं, २१९९ सीसीचं हरिकेन. आवाज गोड, पण पिणं भारी. चढावर भरल्या हौद्यानिशी लिटरला सहा-सात किलोमीटर. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळायचं. आंब्याच्या हंगामात पेट्या न्यायच्या आणि येताना खत आणायचं, यातच बागेचं उत्पन्न टाकीत जायचं. इगतपुरीला महिंद्रा कंपनी फ्रान्सच्या प्युजोचं एक्सडीपी इंजिन बनवत होती, २११२ सीसीचं. तसलं इंजिन असलेली एक जीप घाटात उलटली, तिचं इंजिन आबांनी विकत घेतलं. तेव्हा गावोगावी हेच चाललं होतं. कुणी ट्रॅक्टरचं इंजिन चढवलं, कुणी मॅटाडोरचं.

मंत्रिमहोदय, लोकांना वाटतं की कार्बोरेटर काढायचा, पंप बसवायचा, झालं डिझेल. तसं नसतं. जुनं पेट्रोल इंजिन हवा जेमतेम सातपट दाबायचं, डिझेलचं वीस-बावीसपट दाबतं. ठिणगी नसते, त्या दाबाच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यामुळे ब्लॉकपासून क्रँकपर्यंत सगळंच जाडजूड. इंजिन अख्खंच बदलावं लागतं आणि मग त्याच्या मागेपुढे सगळं. आमचा गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा होता आणि नव्या इंजिनाचं बेल हौसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, उलटण्यात फुटलेलं. मिस्त्रींनी लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेट करून घेतली. ती तीनदा परत गेली. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभर चुकला तरी क्लच सोडताना गाडी थरथरते आणि शाफ्टचं बेअरिंग वर्षभरात जातं. चौथ्यांदा मिस्त्रींनी फ्लायव्हीलला डायल गेज लावून ते हाताने फिरवलं, काटा हलला नाही, तेव्हा कुठे बोल्ट आवळले. मी नऊ वर्षांची, टॉर्च धरून उभी होते. ती प्लेट आजही तीच आहे.

मग पुढचे पाटे वजनाने बसले, त्यांत एकेक पट्टी वाढवली. बॅटरी मोठी घेतली. टाकीकडे परतीची नळी टाकली, कारण नोझलमधून उरलेलं डिझेल परत जायला वाट लागते. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. जुने वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे आणि या डिझेलला हवा अडवणारा पडदाच नाही, मग व्हॅक्यूम कुठून येणार? मृगाच्या पहिल्या सरीत, उतारावर, वायपर काचेवर मेल्यागत पडून. आबा डोकं बाहेर काढून घरापर्यंत आले. दुसऱ्या दिवशी विजेची मोटर बसली.

पासिंगला गाडी नेली तेव्हा १९३९ चाच मोटार वाहन कायदा होता. बदलाची सूचना द्या, गाडी दाखवा, मंजुरी घ्या, अशी त्यात सोय होती. साहेबांनी इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ब्रेक बघितले, मग किल्ली काढून हातात घेतली. गाडी चालूच! त्यांनी किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आबांनी डॅशखालचा स्टॉपर ओढून दाखवला, तशी ती गचकन बंद पडली. साहेब हसले आणि पाचव्या पानावर लिहायला बसले.

आता आजचं. जुनी पुस्तकं तुमच्या खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढवताना बॅकलॉग भरणाऱ्याने आमच्या पुस्तकाचं पहिलं पान बघून सगळं टंकलं. इंधन पेट्रोल, इंजिन नंबर जुना. पाचवं पान उलटलंच नाही. मी पीयूसीला गेले, तर मुलगा पडद्यावर बघून पेट्रोल गाडीच्या तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये घालायला निघाला. मी म्हटलं, अरे, डिझेल आहे हे. तो म्हणाला, “ताई, सिस्टीम पेट्रोल म्हणते, मी धुराचं मशीन लावू शकत नाही.” गंमत अशी की त्या नळीने तपासलं असतं तर गाडी उत्तम गुणांनी पास झाली असती. पेट्रोलच्या परीक्षेत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, ते डिझेलला मुळातच कमी. डिझेलची खरी परीक्षा काळ्या धुराची, ६५ हार्ट्रिज युनिटांच्या आत राहण्याची. म्हणजे माझी गाडी न तपासता तिला प्रमाणपत्र मिळालं असतं. मी घेतलं नाही. शहाणपणा केला की मूर्खपणा, अजून ठरवते आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणाला गेले तर सांगण्यात आलं, इंजिन बेकायदा बदललंय, आताच्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. वाचलं. २००० साली ते बदललं. तेव्हापासून कारखान्याने ठरवलेल्या तपशिलात मालकाला फरक करता येत नाही, मात्र वेगळ्या इंधनासाठी मंजूर संच बसवता येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं : परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सगळं मान्य. पण माझा बदल १९८६ चा आहे आणि तेव्हाच्या कायद्याने, तुमच्याच खात्याने मंजूर केलेला. नंतरचं कलम मागे जाऊन तो शिक्का कसा पुसणार?

एकाने सुचवलं, पन्नास वर्षं झालीत ना, व्हिंटेजमध्ये घाला. २०२१ च्या नियमांत ती सोय आहे, वीस हजार फी आणि ‘व्हीए’ची पाटी. अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय तसली गाडी रॅलीत नाहीतर प्रदर्शनात न्यायची, रोजच्या कामाला नाही. माझी जीप शेणखत वाहते.

एक स्पष्ट करते. आज कुणालाही पेट्रोल काढून डिझेल घालू द्या, असं मी म्हणत नाही. २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाल्यापासून त्या हिशोबात दम उरला नाही, आणि धूर कुणाला हवाय? उलट २०२२ पासून साडेतीन टनांखालच्या बीएस-६ गाड्यांत डिझेल इंजिन काढून सीएनजीचं घालायची वाट केंद्राने उघडली, ती योग्यच आहे. बॅटरीचा संचही चालतो. पण असे संच मॉडेलनुसार तपासून मंजूर व्हावे लागतात, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या जीपसाठी तो खर्च कोण करणार?

मला हवं ते तुमच्या हातातलं आहे, त्यासाठी दिल्लीला जायला नको. २००० पूर्वी आरसी बुकात मंजूर होऊन नोंदलेला इंजिन आणि इंधनबदल मूळ पुस्तक बघून ‘वाहन’मध्ये दुरुस्त करावा, असं एक परिपत्रक काढा. निरीक्षकाने गाडी समोर उभी करून इंजिन नंबर ताडावा, धुराची डिझेलची परीक्षा घ्यावी, नापास झाली तर खुशाल परत पाठवावी. पर्यावरण कर डिझेलच्या दराने लावा. आमच्याकडून पेट्रोलचा घेऊन तुमचंच नुकसान चाललंय. ज्यांनी तेव्हा सूचनाच दिली नाही, त्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांची वकिली मी करत नाही.

तारीख मृगाच्या आधीची मिळाली तर बरं, पावसात आमचा उतार वाईट. आणि तपासायला जे साहेब असतील त्यांना आधीच सांगून ठेवा : किल्ली काढली तरी ही बंद होत नाही. स्टॉपर डॅशखाली, डाव्या हाताला.

आपली,
कोकणातली एक आंबा बागायतदार